ट्रेलरचं सोलर: आधी फ्रीज, मग छत, पॅनल सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या फॅब्रिकेटरकडून १४ फुटी ट्रेलर बांधून घेताय. गाडीमागे ओढून कोकण, भंडारदरा, कास आणि पुढच्या वर्षी जमलं तर स्पिती. राहणारे तिघं, तुम्ही दोघं आणि मुलगी. आत ४५ लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज, दोन पंखे, दिवे, कामापुरता लॅपटॉप. दुकानदार म्हणतो ५५० वॅटचे दोन पॅनल टाका, एसीसुद्धा चालेल. मित्र म्हणतो फ्लेक्झिबल घ्या, वजन वाचेल. यातलं बरोबर कोणाचं?

मला विचाराल तर कोणाचंच नाही. दोघंही पॅनलपासून सुरुवात करतायत, आणि घोळ तिथेच होतो. मी धायरीत गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो. ॲम्ब्युलन्स, फूड ट्रक, हल्ली कॅम्परव्हॅनही बऱ्याच येतात. गिऱ्हाईक आत येतं तेच ‘किती वॅट लावू’ विचारत. मी उलट विचारतो: फ्रीज कुठला, गाडी उभी कुठे करणार, आणि छतावर मोकळी जागा नक्की किती? ही तीन उत्तरं मिळाली की पॅनल जवळजवळ आपोआप ठरतं.

आधी दुकानदाराचा सल्ला टेप लावून तपासू. ५५० वॅटचं नेहमीचं पॅनल सुमारे २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं, वजन २८ किलोच्या आसपास. तुम्ही दिलेलं छत ४.२५ बाय २ मीटर. दोन पॅनल एकापुढे एक लांबीत ठेवली तर ४.५६ मीटर लागतात, बसत नाहीत. शेजारी शेजारी ठेवली तर रुंदी २.२६ होते, तेही नाही. आडवी टाकली तर प्रत्येकाचं टोक छताबाहेर. कुठूनही फिरवा, दोन बसतच नाहीत. एक बसेल, पण ड्रॉइंगमध्ये छताचा पंखा तुम्ही बरोबर मधोमध काढलाय, म्हणजे तेही अडलं. छत पाहून पाय पसरावेत. दुकानदार खोटं बोलत नाही, त्याच्याकडे सोसायट्यांच्या गच्चीवर जाणारा माल आहे आणि दर वॅटमागे तो स्वस्तच पडतो. फक्त तुमचं छत गच्ची नाही.

एसीचं एका दमात सांगून टाकतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात सरासरी ६००-७०० वॅट खातो असं धरलं तरी आठ तासांचे पाच युनिट होतात. तुमच्या छतावरून दिवसभरात दीड युनिट आलं तरी खूप. एसी हवा असेल तर जिथे प्लग मिळतो अशा ठिकाणी मुक्काम करा आणि तिथल्या विजेवर चालवा.

आता खरा हिशेब, वापराचा. ४५ लिटरचा डीसी फ्रीज चालू असताना ४५ वॅटच्या आसपास घेतो, पण सतत चालत नाही. पुण्याच्या हिवाळ्यात तो निम्म्याहून कमी वेळ चालेल, मे महिन्यात दापोलीला दिवसा जवळजवळ थांबणारच नाही. मी दिवसाचे ५०० वॅट-तास धरतो (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट), कोकणच्या उन्हाळ्यात ६०० च्या वर. १२ व्होल्टचे दोन पंखे, २० वॅटचा एकेक, रात्रभर आठ तास: ३२०. दिवे ८०. लॅपटॉप तीन तास, १५०. मोबाईल वगैरे ६०. पाण्याचा पंप कितीही वेळा चालू-बंद केलात तरी १५ च्या पुढे जात नाही, त्याची काळजी सोडा. बेरीज ११२५, धरून चालू १२०० वॅट-तास.

यात एक चोर आहे तो कोणी मोजत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही लावलं नाही, तरी तो १५ वॅटच्या आसपास खात बसतो. चोवीस तासांचे ३६० झाले. म्हणजे तुमच्या दोन पंख्यांपेक्षा जास्त, आणि बदल्यात काहीच नाही. लॅपटॉपसाठी १२ व्होल्टवर चालणारा टाइप-सी चार्जर घ्या, पंखे-दिवे सगळे डीसीच घ्या, आणि इन्व्हर्टर मिक्सर लावायचा असेल तेवढ्यापुरता चालू करा. इतकं केलंत तर एका पॅनलचा खर्च वाचतो.

पॅनलकडून मिळतं किती? पॅनलवर छापलेले वॅट कारखान्यात मोजलेले असतात, सेलचं तापमान २५ अंश धरून. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता ट्रेलरच्या छतावर सेल ६५ अंशांपर्यंत सहज जातो. नेहमीचं मोनो पर्क पॅनल दर अंशामागे ०.३५ टक्के गमावतं. चाळीस अंश वर गेलात की १४ टक्के तिथेच गेले. धूळ, वायर, कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) आणि सपाट बसवणं धरून मी छापील आकड्यातून सरळ ३० टक्के कापतो. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तास पूर्ण उन्हाच्या तोडीचे मिळतात असं धरा. ४०० वॅट गुणिले पाच गुणिले ०.७, म्हणजे १४०० वॅट-तास. तुमची गरज १२००. म्हणून माझं उत्तर ४०० वॅट, पुढे दुप्पट करता येईल अशा तयारीने.

पॅनल तिरपं लावावं का असंही तुम्ही विचारलंय. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, तेव्हा सपाट पॅनलइतकं चांगलं काहीच नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही आणि सपाट पॅनलवर थेट उन्हाचा पाऊण हिस्साच पडतो. पण तेव्हा फ्रीज कमी चालतो आणि पंखे लागतच नाहीत, त्यामुळे जमून जातं. दर मुक्कामाला शिडी लावून वर चढणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. सपाटच लावा.

पावसाळ्याचं मात्र ठामपणे सांगता येत नाही. पुण्यात ढगांमधूनही बऱ्यापैकी मिळतं. ताम्हिणी किंवा भंडारदऱ्याला जुलैत धुकं उतरलं की नेहमीच्या पाव हिस्सा मिळाला तरी नशीब समजा. तिथे ८०० वॅट लावूनही फ्रीज दोन दिवसांच्या पुढे ओढेल याची खात्री नाही. त्याचा इलाज छतावर नाही, तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली आहे. त्याकडे नंतर येतो.

आता सावली. याला जरा वेळ देतो, कारण पैसे इथेच वाया जातात. कोकणात मे महिन्यात तुम्ही ट्रेलर कुठे उभा कराल? सुरूच्या नाहीतर आंब्याच्या झाडाखाली. माणसाला सावली हवी आणि पॅनलला ऊन, दोन्ही एकाच छताला कसं जमणार? पॅनलमधले सेल एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावली फक्त तेवढ्या भागाचीच वीज अडवत नाही. १२ व्होल्टच्या ३६ सेलच्या पॅनलमध्ये साधारण दोन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारे) असतात, म्हणजे १८-१८ सेलचे दोन गट. एका गटातल्या एकाच सेलवर पूर्ण सावली पडली की तो अख्खा गट बाजूला टाकला जातो. छताच्या पंख्याचं उघडलेलं झाकणसुद्धा सकाळी नऊ वाजता एवढी सावली आरामात पाडतं. म्हणून पंखा मधोमध नको. फॅब्रिकेटरने अजून छत कापलं नसेल तर आजच फोन करा आणि पंखा मागच्या टोकाला, स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर घ्यायला सांगा. वाफ आणि फोडणीचा वासही तिथूनच जाईल.

सावलीत पॅनल पॅरलल जोडा, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, असं सर्रास सांगितलं जातं. मोठ्या व्होल्टेजच्या पॅनलना ते लागू आहे. १२ व्होल्टच्या दोन छोट्या पॅनलना नाही, आणि का ते बघा. असं पॅनल काम करताना १८-१९ व्होल्ट देतं. सावलीने त्याचा एक गट गेला की उरतात नऊ. तुमची बॅटरी तेरा-चौदा व्होल्टवर बसलेली. नऊ व्होल्टवाला तेरा व्होल्टवाल्यात काय भरणार? पॅरललमध्ये ते पॅनल त्या वेळेपुरतं शून्य. तीच दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडून, असती तर एक अख्खं आणि एक अर्धं मिळून २७ व्होल्ट उरले असते आणि कंट्रोलरने त्यातून निमूटपणे चार्जिंग चालू ठेवलं असतं. उन्हातही तोच मुद्दा येतो. ६५ अंशांना पॅनलचे अठरा व्होल्ट साडेपंधरापर्यंत उतरतात आणि एमपीपीटी कंट्रोलरना (पॅनलचं जादा व्होल्टेज जास्त करंटमध्ये बदलून बॅटरीला देणारे) बॅटरीपेक्षा चांगले काही व्होल्ट जास्त लागतात, बऱ्याच मॉडेलना सुरू व्हायला पाच. म्हणून दोन पॅनल असतील तर सिरीज. पुढे चार झाली तर दोन-दोनच्या सिरीज जोड्या, आणि त्या दोन जोड्या पॅरलल.

सिरीज म्हटलं की व्होल्टेजची वरची मर्यादा सांभाळावी लागते, आणि इथे तुमची स्पिती आडवी येते. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. ५५० वॅटच्या पॅनलचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, ४९-५० असतं. शून्य अंशाला ते ५३ च्या घरात जातं. दोन सिरीजमध्ये म्हणजे १०६. कंट्रोलरवर लिहिलेलं असतं १०० व्होल्ट कमाल. काझ्यात सकाळी ऊन आलं की पुण्यात वर्षभर नीट चाललेला कंट्रोलर तिथे जळू शकतो. तुमची दोन छोटी पॅनल प्रत्येकी २३-२४ व्होल्टची, थंडीतही मिळून ५१-५२, त्यामुळे १०० व्होल्टच्या कंट्रोलरला भरपूर वाव राहतो. स्पितीचंच आणखी एक: लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये (बॅटरीतलं तिची राखण करणारं सर्किट) थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे ना, हे घेतानाच विचारा, आणि बॅटरी बाहेरच्या डिकीत न ठेवता आत, बेडखाली ठेवा.

कंट्रोलरवर पैसे वाचवू नका. स्वस्तातल्या कितीतरी डब्यांवर मोठ्या अक्षरात एमपीपीटी लिहिलेलं असतं आणि आत साधा पीडब्ल्यूएम असतो, जो जादा व्होल्टेज वाया घालवतो. फरक आकड्यातच बघा: ५५० वॅटचं, ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देणारं पॅनल पीडब्ल्यूएमवर लावलं तर बॅटरीला तेच १३ अँपिअर मिळतात, पण तेरा व्होल्टला. १७० वॅट. बाकीचे ३८० गेले. खऱ्या एमपीपीटीत आत जाडजूड कॉइल असते, हातात घेतल्यावर डबा जड लागतो, आणि कागदावर पॅनलचं कमाल व्होल्टेज स्पष्ट दिलेलं असतं. शंभर-दोनशे ग्रॅमचा खेळण्यासारखा डबा आणि किंमत हजार रुपये, तर समजून जा. ४०० वॅटला ३० अँपिअरचा पुरतो, पण पुढे पॅनल वाढवायची असतील तर आत्ताच १०० व्होल्ट, ५० अँपिअरचा घ्या.

इथपर्यंत जुळवलेलं असं: २०० वॅटची दोन मोनो पॅनल, साधारण दीड मीटर बाय पाऊण मीटरची, १०-१२ किलोची एकेक, छताच्या पुढच्या अर्ध्या भागात शेजारी शेजारी, सिरीजमध्ये, ५० अँपिअरच्या एमपीपीटीवर. पंखा मागे. पॅनल आणि पंखा यांच्या मधली जागा नंतर घ्यायच्या दोन पॅनलसाठी मोकळी. टॉपकॉन (सेलचा नवा प्रकार) मिळालं तर चांगलंच, उन्हात ते पर्कपेक्षा थोडं कमी गमावतं, पण त्यासाठी अडून बसू नका. बायफेशियलचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या पॅनलचा, पाठीमागचा फायदा छताला लगटून बसवल्यावर उरत नाही. आणि दुकानदार डीसीआर पॅनल (भारतातच बनवलेल्या सेलचं) घ्या म्हणाला तर गरज नाही. ती अट घराच्या छतावरच्या सरकारी अनुदानासाठी असते, ट्रेलरला अनुदान नाही.

झाडाखाली उभं राहायचंच असेल, आणि मे महिन्यात तुम्ही राहणारच, तर घडीचं एक १०० किंवा २०० वॅटचं पॅनल बरोबर ठेवा. दहा मीटर वायर, पॅनल उन्हात, तुम्ही सावलीत. त्याला वेगळा छोटा कंट्रोलर द्या, छतावरच्या जोडीत घुसवू नका. रात्री आत घ्यायला विसरू नका, एवढंच.

मित्राने सुचवलेल्या फ्लेक्झिबलबद्दल. वजन खरंच कमी, १०० वॅटला दोन-तीन किलो. पण ती छताला चिकटवतात, खालून हवा खेळत नाही, त्यामुळे इतर पॅनलपेक्षा जास्त तापतात. छत थरथरलं की सेलना बारीक तडे जातात. माझ्याकडे परत येणाऱ्या फ्लेक्झिबल पॅनलची तक्रार ठरलेली असते: पहिलं वर्ष झकास, दुसऱ्या उन्हाळ्यापासून उतरण. उघडून पाहिलं की एखाद्या जोडावर तपकिरी डाग पडलेला दिसतो, तिथे सेल भाजलेला असतो. पत्र्याचं वर उचलणारं छत असतं तर मीच म्हटलं असतं घ्या. तुमचं छत पक्कं आहे, काचेचीच लावा.

बसवताना छत आणि पॅनल यांत बोटभर नाही, चांगली दोन-तीन बोटं फट हवी. ॲल्युमिनियमचे झेड ब्रॅकेट, खाली पॉलियुरेथेन सीलंट, आणि स्क्रू नुसत्या शीटमध्ये नाही तर खालच्या चौकटीच्या पाइपात. म्हणून पाइप कुठून जातात त्याचे फोटो छत बंद करण्याआधी काढून ठेवा, नंतर अंदाजाने भोकं पाडावी लागतात. नट नायलॉकवाले (थरथरीने सैल न होणारे), स्टेनलेस. एक्स्प्रेसवेवर वारा पुढच्या कडेखाली शिरतो, तिथे छोटी पट्टी लावून अडवा. वायर आत घेताना वरून सरळ भोक नको, बाजूला तोंड असलेल्या ग्लँडमधून घ्या आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. काम झाल्यावर गाडी धुणाऱ्याकडे नेऊन प्रेशरने छत भिजवा. गळायचंच असेल तर ते धायरीत गळू दे, आंबोलीत नको. वायर पॅनलपासून ६ स्क्वेअर मिलिमीटरची, कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत १६ स्क्वेअर मिलिमीटर आणि अंतर मीटरभरच. फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी.

बॅटरी २०० अँपिअर-तासाची लिथियम फेरो फॉस्फेट, म्हणजे अडीच हजार वॅट-तास, तुमचे दोन दिवस. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर ट्रेलरमध्ये नको: ५०-६० किलो वजन, निम्मीच वापरता येते, घाटात हेलकाव्यांनी ॲसिड सांडतं, आणि बंद जागेत तिचा गॅस.

आता बॉनेटखालचा इलाज. गाडीच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरची बॅटरी भरणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा. तासाला २५० ते २७० वॅट-तास. ताम्हिणीतून हरिहरेश्वर म्हणजे चार-पाच तास, पोहोचेपर्यंत जवळजवळ दिवसभराची वीज जमा, बाहेर धो धो पाऊस का असेना. पण ही वीज टोइंगच्या सॉकेटमधून घेऊ नका. त्यातल्या वायर ट्रेलरच्या दिव्यांपुरत्या असतात, गरम होऊन वितळतात. वेगळी जाड वायर, दोन्ही टोकांना फ्यूज, मध्ये अँडरसन कनेक्टर (जाड वायरचा, हाताने जोडता-सोडता येणारा). आणि चार्जर नव्या गाड्यांच्या स्मार्ट अल्टरनेटरला (जो व्होल्टेज कमी-जास्त करत राहतो) चालणारा आहे का ते विचारून घ्या. पावसाळ्यात फिरणार असाल तर पैसे तिसऱ्या पॅनलवर घालण्याऐवजी इथे घाला.

कागदपत्रांचं: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. ट्रेलर अजून पासिंगला गेलेला नाही हे तुमच्या पथ्यावर आहे. पॅनल, बॅटरी, ब्रॅकेट यांचं वजन आणि वाढलेली उंची फॅब्रिकेटरला आत्ताच सांगून कागदावर घ्या. पॅनलची वॉरंटीही नीट वाचा, चालत्या वाहनावर बसवल्यास ती लागू नाही असं बऱ्याच कंपन्या लिहितात.

खरेदी तुम्ही तपकीर गल्लीतून करा नाहीतर घरपोच मागवा, पॅनल ताब्यात घेताना मल्टिमीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बरोबर ठेवा. दुपारच्या स्वच्छ उन्हात पॅनल सूर्याकडे धरून आधी उघडं व्होल्टेज मोजा. मागच्या स्टिकरवर २४ असेल तर तापलेल्या पॅनलवर २१-२२ ठीक. साधारण निम्मेच दिसले तर एक गट मेलेला आहे. मग दोन्ही कनेक्टर एकमेकांत घालून क्लॅम्पने करंट बघा, स्टिकरवरच्या शॉर्ट सर्किट करंटच्या ८० टक्क्यांच्या वर यायला हवा. सोडवण्याआधी पॅनलवर जाड चादर टाका, नाहीतर कनेक्टर ओढताना ठिणगी पडते आणि नवीन टोकं पहिल्याच दिवशी काळी होतात. दोन पॅनलचे करंट एकमेकांपासून १० टक्क्यांहून जास्त लांब असले तर ती जोडी सिरीजला घेऊ नका, एक बदलून मागा. दुकानदार कुरकुर करेल, पण बिल होण्याआधी बदलून देतो.